सारख्या उंचीच्या दांड्या

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

प्रात्यक्षिक परीक्षा उरकली. सत्तावीस पोरं, बारा कॉम्प्युटर, त्यातले नऊ चालू. तरी उरकली!

प्रश्न सोपाच होता. ५, ३, ८, ३, ६ हे आकडे बबल सॉर्टने चढत्या क्रमाने लावा, आणि किती वेळा अदलाबदल झाली ते लिहा. आधी कागदावर करायचं, मग माझ्या सॉफ्टवेअरमध्ये चालवून ताडून बघायचं. आकड्यांच्या रंगीत दांड्या उभ्या राहतात, शेजारच्या दोन-दोन दांड्या तपासल्या जातात, मोठी उजवीकडे सरकते, वरच्या कोपऱ्यात मोजणी होत जाते. दोन वर्षांपूर्वी मीच बनवलं. फळ्यावर लिही-पूस करून शिकवायचे तेव्हा मागचे बाक झोपायचे. दांड्या हलायला लागल्यापासून कुणी झोपत नाही!

उत्तर ६. सव्वीस जणांचं ६. एकट्या आफ्रीनने ४ लिहिलंय. तिचे दोन मार्क कापले.

४ फेब्रुवारी

तास संपल्यावर आफ्रीन दारात उभी. "मॅडम, चारच होतात."

"स्क्रीनवर किती आले?"

"सहा."

"मग?"

"त्याच्यात तीन दोनदा आहे न. सारखेच आहेत. त्याहिले काऊन बदलवून राह्यलं ते?"

साडेचारची बस धरायची होती. म्हटलं, जे दिसतं ते लिहायचं, उगाच शहाणपणा नको. थोडं जोरातच म्हटलं बहुतेक. ती "बरं" म्हणून गेली.

५ फेब्रुवारी

प्राचार्यांनी बोलावलं होतं. अठरा तारखेला विद्यापीठाची समिती येणार — माझं सॉफ्टवेअर बघायला! पसंत पडलं तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या सगळ्या कॉलेजांत लावतील. "मग तुमचं पुढच्या वर्षीचं नक्की समजा, मॅडम."

सात वर्षं झाली तासिकेवर शिकवतेय. दर जूनला नव्याने अर्ज. आईला फोन केला. ती रडलीच.

७ फेब्रुवारी

सकाळी कॉलेजला येताना कोठारीच्या पुढे वाघ रस्त्यावर बसलेला. बस पाऊण तास उभी. कंडक्टर कुणाला उतरू देईना. करायला काही नव्हतं, म्हणून तिकिटाच्या मागे ते पाच आकडे लिहिले आणि हाताने लावत गेले.

चार.

पुन्हा केलं. चार.

गोंडपिपरीला उतरून सरळ लॅबमध्ये गेले, कोड उघडला. सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. 'डावी दांडी मोठी असेल तर बदल' असं हवं होतं. मी 'मोठी किंवा सारखी असेल तर बदल' लिहून ठेवलंय. एका चिन्हाची चूक! म्हणून दोन्ही ३ एकमेकांच्या जागा घेतात — तेही दोनदा. दांड्या सारख्या उंचीच्या, सारख्या रंगाच्या. डोळ्यांना काहीच कळत नाही. शेवटी रांगही बरोबर लागते. फक्त कोपऱ्यातला आकडा खोटा.

दोन वर्षं मी तो रोज बघत होते.

८ फेब्रुवारी

पेपरांचा गठ्ठा घेऊन बसले. मार्क दुरुस्त करायचे एवढंच डोक्यात होतं. पण बऱ्याच कागदांवर ६ च्या बाजूला काहीतरी खोडलेलं. उजेडासमोर धरून पाहिलं. ४. पुढचा कागद — ४. त्याच्या पुढचा — ४.

एकोणीस जणांनी आधी ४ लिहिलं होतं. हाताने बरोबर केलं होतं! मग माझी स्क्रीन पाहिली आणि स्वतःचं खरं उत्तर खोडलं.

देवराव सरांना दाखवलं. ते विभागप्रमुख, मलाही त्यांनीच शिकवलंय, अजून खडूच वापरतात. मला वाटलं, आता ऐकवतील. त्यांनी सगळे कागद चाळले. मग एवढंच म्हणाले, "पोरायले येते, संघप्रिया. त्याहिचा त्याहिच्यावर भरोसा नाई."

१० फेब्रुवारी

प्राचार्यांना सांगितलं. "चिन्ह बदलवलं न? झालं मंग. पोरायले सांगाचं ते अठरा तारखेनंतर सांगा. गावभर बोभाटा काहाले?"

बरोबर आहे त्यांचं. आठ दिवसांचाच तर प्रश्न. घरी येईपर्यंत असंच घोकत होते.

११ फेब्रुवारी

सांगून टाकलं.

कोड पडद्यावर लावला, चूक दाखवली, खोडलेले ४ दाखवले. मग मागून दसरू — "मॅडम, म्हणजे आम्हाले मार्क वाढून भेटन?" सगळे हसले. मीही हसले.

आफ्रीन नाही हसली. तिला सगळ्यांसमोर म्हटलं — तू बरोबर होतीस, मी रागावले, माझं चुकलं. ती उभी राहिली. "मॅडम, तुम्ही रागावल्या तं मी घरी जाऊन दहा खेपा केलं. दहाही खेपा चारच आलं. तरी मले वाटलं, मीच चुकून राह्यली."



१४ फेब्रुवारी

सॉफ्टवेअर बदललं. आता प्रत्येक तुलनेपाशी थांबतं आणि विचारतं — बदलायचं की नाही? उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. पोरं कावली. "मॅडम, पयलेचंच बरं होतं!" पण तासभर भांडत होती — स्क्रीनशी, एकमेकांशी. आफ्रीन दोन बाकांना एकटी पुरून उरली.

१८ फेब्रुवारी

समिती आली. तीन जण. दांड्या पाहून खूश झाले. मग मी चुकीबद्दल बोलले. प्राचार्य खिडकीबाहेर बघायला लागले.

एका बाईंनी विचारलं, "आणखी चुका नाहीत कशावरून?"

म्हटलं, "सांगता येत नाही. म्हणून तर आता ते मुलांना विचारतं."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. कळवतो म्हणाले. चहा घेऊन गेले.

१९ फेब्रुवारी

सुट्टी. धुणं, झोप.

२१ फेब्रुवारी

मागच्या वर्षीचे पेपर आज काढले. प्रश्न तोच होता. हर्षा रामटेके, उत्तर ४. बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात — 'मॅडम, ३ आणि ३ काऊन बदलवायचे?' त्याखाली माझं लाल अक्षर — 'स्क्रीन नीट बघ.' दोन मार्क कापलेले. एका मार्काने नापास.

देवराव सरांना विचारलं, ही कुठे असते आता? "तिचं लग्न झालं न मे महिन्यात. नापास झाली म्हणून बापानं शिक्षणच बंद केलं."

मला तिचा चेहरा आठवत नाही.