सरसाने चिकटवलेली फळी

बाबा,

सागावर रंधा फिरायचा तेव्हाचा तो आवाज, आधी खर्र आणि मग लांबत जाणारा स्स्स, आज दुपारी आखातातल्या उम्म अल कुवैनच्या या फ्लॅटमध्ये पुन्हा कानात आला. पडवीत भुशात बसून मी शाळेतली कविता म्हणायचो आणि तुमचा रंधा तिच्या ठेक्यावर चालायचा. मी अडखळलो की तुम्हीही थांबायचात. "पुढची ओळ म्हण रे, हात थांबलो." अर्थ गुरुजींनी सांगितला असेल, पण कवितेची लय मला तुमच्या रंध्याने शिकवली, हे आज मी छातीठोक सांगतो.

त्याच पडवीत मी जोडलेलं स्टूल डुगडुगलं, तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत. पायाने ते उलटं केलंत आणि म्हणालात, "सांधो असो व्हयो, की दुसऱ्या सुताराक सुटता नये." ते वाक्य आणि तुम्ही दिलेली लाकूड तासायची पटाशी घेऊन मी इकडे आलो. अल क्वोजच्या वर्कशॉपात पहिल्याच महिन्यात एका डॅनिश बाईंचं सागाचं कपाट दुरुस्तीला आलं. कपाट तरी कसलं? भिंतीला लावायच्या उभ्या पट्ट्या, पट्ट्यांना भोकं, भोकांत खुंट्या, आणि त्यांवर फळ्या, खण, छोटी कपाटं नुसती अडकवलेली. उचललं की निघतं, हवं तिथे लावा. एवढा चांगला साग आणि इतकं सैल काम! मला त्या सुताराची कीवच आली. मी एकूण एक फळी डिंक लावून पक्की केली, पॉलिश मारलं आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. आमचा मल्याळी फोरमन आला, एक फळी उचलायला गेला आणि त्याने कपाळावर हात मारला. "अरे भाई, ये खुलने के लिए ही बना है! मैडम हर दो साल में घर बदलती है. अब पूरा खड़ा करके ले जाएगी क्या?" अख्खं वर्कशॉप हसलं. बिघडवलेल्या फळ्या मी सुट्टीच्या दिवशी नव्या करून दिल्या, आणि करता करता मला कळलं की खुंटी भोकात केसाचाही फरक न ठेवता बसते, म्हणूनच तिला डिंक लागत नाही. सैल नव्हतंच ते काम. तुम्ही पाहिलं असतंत तर मान हलवली असतीत.

मग मी माझ्या घरासाठी तसंच केलं. या देशात पाच घरं बदलली, पाचही भिंतींवर ते उभं राहिलं. पोरगा वाढत गेला तशी त्याची फळी एकेक भोक वर सरकत गेली. आता मी कायमचा गावी निघालोय. उद्या सकाळी कार्गोवाला येईल. सगळं सुटं होऊन जमिनीवर पडलंय, फक्त एक फळी दोन उंच पट्ट्यांना धरून बसलीय. कार्गोवाल्याने काल बघूनच सांगितलं, "चाचा, ये बक्से में नहीं जाएगा. काट दो, नहीं तो छोड़ दो." पोराला फोन केला. तो जबल अलीला नोकरी करतो, मराठी सगळं समजतं, बोलतो इंग्रजीत. "पापा, जस्ट लीव्ह इट. एव्हरी मॉल हॅज शेल्व्ज." खलास.

कशी सोडू? तुम्ही गेल्याचा फोन आला त्या दिवशीची आहे ती फळी. रजा मिळाली नाही. हत्यारांच्या पेटीत तुमच्याकडचा सरसाचा, त्या जुन्या हाडांच्या डिंकाचा, खडा होता, तो मी गरम पाण्यात वितळवला आणि माझ्या कवितांच्या पुस्तकांची फळी दोन्ही बाजूंनी पक्की केली. या घरात एक तरी सांधा तुमच्यासारखा असावा म्हणून.

मघाशी करवत हातात घेतली आणि शाळेचा मोडका बाक आठवला. तुम्ही त्याच्या सरस लावलेल्या सांध्याला गरम पाण्याचं फडकं गुंडाळलंत आणि विडी ओढत बसून राहिलात. मग पटाशीचं टोक घालून तो अलगद उघडलात, लाकडाला ओरखडासुद्धा नाही. मी विचारलं, सुटला कसा? तुम्ही हसलात. "माझो आसा तो. माका सुटतलो."

करवत ठेवून दिली. किटली चढवलीय, जुना टॉवेल फाडलाय. हा सांधा माझा आहे, मला सुटेल. पटाशी तेवढी हाताशी नाही. पोराच्या पहिल्या नोकरीला मी ती त्याला दिली, या बाकाची गोष्टही सांगितली, पण तो तिने कुरिअरची खोकी फोडतो. स्वयंपाकघरातली सुरी चालवून घेईन.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, फळीवरच्या पुस्तकातच राहील. म्हणून एक कबूल करतो. एवढी वर्षं सगळ्यांना, पोरालासुद्धा, मी सांगत आलो की ती फळी चुकून चिकटली.

बेल वाजतेय. आत्ता कोण? बघून येतो.

बाबा, पोरगा आलाय. ऑफिसच्या शर्टात, धापा टाकत. "पापा, डोन्ट कट इट! आय ब्रॉट आजोबांची पटाशी."

धार पार घालवलीय तिची. आधी दगडावर घासायला बसवतो त्याला.