न टोचणारं होल्स्टर

२५ ऑगस्ट, रविवार

पुन्हा टोचलं! सगळं प्रवचनभर टोचलं. चर्चच्या बाकावर टेकलो की पँटच्या आत खोचलेल्या होल्स्टरमधल्या पिस्तुलाची मूठ बरगडीत घुसते आणि नळीचं टोक जांघेत. पास्टर आज क्षमेवर बोलले म्हणे. माझं सगळं लक्ष माझ्या कातड्याकडे.

चर्चमधला गेलन म्हणतो, “डेलमार, एवढं धूड पँटच्या आत कोण घालतं? छोटं घे एखादं.” छोटं माझ्या हातात ठरत नाही. लाकडाच्या गिरणीत बोटं जाड झाली ती झालीच, वर संधिवात.

शिवाय हे डस्टिननं दिलेलं. मी निवृत्त झालो त्या दिवशी खोक्याला निळी फीत बांधून घेऊन आला होता. “डॅडी, आता घरी बसून बाटल्या फोडा!” किती हसला होता पोरगा.

२६ ऑगस्ट, सोमवार

चर्चच्या दाराआडच्या कपाटात डस्टिनचा फोटो चिकटवलाय. ‘आत घेऊ नये.’ गेल्या वर्षीच्या चार जुलैच्या मासे-पार्टीतला फोटो. मला कापून टाकलंय, पण त्याच्या खांद्यावर बोटं राहिलीत. ती माझी.

ईस्टरला तो पिऊन आला. बायकोनं, क्रिस्टानं, घटस्फोट घेतला, पास्टरनं तिची बाजू घेतली — ते डोक्यात बसलेलं. प्रभुभोजनाचं टेबल लाथेनं उलटवलं. “एकेकाला बघून घेईन!” लहान मुलं किंचाळत होती. त्यात त्याची स्वतःची मुलगी हेलीही होती.

मग गेलननं सुरक्षेची तुकडी उभी केली आणि दारावर उभं राहायला माणसं मागितली. मी हात वर केला. सगळ्यांना वाटलं, काय ही निष्ठा! स्वतःचा मुलगा असून!

निष्ठा कसली डोंबलाची. गेलनचा हात पिस्तूल काढायला चपळ आहे, आणि त्याला तो दाखवायची हौस आहे. कधी डस्टिन त्या दारात आलाच, तर समोर गेलन नको. मी हवा. एवढंच. आणि कमरेला पिस्तूल नसेल त्याला दारावर उभं करायचं नाही, हा गेलनचा नियम.

बायकोला, अर्लीनला, हे सांगून पाहिलं. ती म्हणाली, “कपाटात फोटो पोराचा आणि कमरेला पिस्तूल बापाच्या. मला बाकीचं समजावू नकोस.”

३१ ऑगस्ट, शनिवार

मऊ चामड्याचं होल्स्टर आणलं. पहिले दोन तास स्वर्ग! मग घामानं भिजून चिकटलं. पिस्तूल बाहेर काढलं की तोंड मिटतं, परत घालायला दुसऱ्या हाताची बोटं लावून उघडावं लागतं. रद्द.

१ सप्टेंबर, रविवार

दारात पत्रकं वाटायची आणि येईल त्याला मिठी मारायची, हे काम. गेलननं शिकवलंय — नेहमी डाव्या अंगानं, एका हातानं, म्हणजे उजव्या कमरेला कुणाचा हात लागत नाही. पण मिस ओपलला कोण शिकवणार? वय वर्षं नव्वदच्या पुढे, दोन्ही हात पसरून थेट गळ्यात. हात लागला तशी कानात म्हणते, “ऑपरेशन झालं का रे बाळा? पिशवी लावलीय का?”

हो म्हणालो. काय सांगू!

तिनं सगळ्यांसमोर माझ्या आतड्यासाठी प्रार्थना मागितली.

७ सप्टेंबर, शनिवार

गेलन बुटांचं खोकं घेऊन आला. त्याला नको झालेली होल्स्टरं. “प्रत्येकाच्या घरी असा एक खण असतो, डेलमार. लग्नाआधीच्या पोरींसारखं आहे हे. बऱ्याच बघाव्या लागतात.” स्वतःच खो-खो हसला. अर्लीन स्वयंपाकघरात राजमा निवडत होती. ताट आपटल्याचा आवाज आला.

सगळी लावून पाहिली. एकाची कड धारदार. एकाचा आकडा पट्ट्यावरून निसटतो. एक पोटावर पुढे घालायचं — माझ्या पोटावर! बूट बांधायला वाकलो आणि श्वासच अडकला.

एकसष्टाव्या वर्षी आरशासमोर शर्ट वर करून उभा होतो. स्वतःची किळस आली.

१४ सप्टेंबर, शनिवार

ल्यूथरच्या दुकानात गेलो. जनावरांच्या खाद्याचं दुकान, मागच्या बाजूला बंदुका. त्यानं मला खुर्चीत बसवलं, उठवलं, वाकवलं. शिंपी माप घेतो तसं.

“लांब नळीला शिव्या देऊ नकोस,” म्हणाला. “नळी खाली दाबते म्हणून वरची मूठ आत राहते. छोट्याचीच मूठ बाहेर लोंबते. चुकतंय तुझं दुसरंच — पट्टा लुळा, पँट घट्ट, जागा भलती.”

मग त्यानं काढून दिलं. पुढून कडक प्लास्टिक, अंगाकडून रुंद चामडं, खालच्या टोकाला आतून स्पंजाची पाचर. कमरेच्या हाडाच्या किंचित मागे, मूठ पुढे झुकलेली. वर दुहेरी चामड्याचा पट्टा. पँट एक माप मोठी.

“आता घरात दिवसभर घाल. कुत्र्याला खायला घालताना, बागेत, जेवताना. ज्या दिवशी अंगावर आहे हे विसरशील, त्या दिवशी जमलं समज.”

१५ सप्टेंबर, रविवार

बसता आलं! प्रवचन ऐकू आलं. ऐकून काही बरं वाटलं नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

अर्लीननं नवी पँट दोरीवर वाळत घातली. “एवढी ढगळ कशाला? पोटच्या पोराला मारायला जागा करून ठेवतोस?”

मी जेवलो नाही. मक्याची भाकरी तशीच थंड पडली.

२९ सप्टेंबर, रविवार

हेलीचा बाप्तिस्मा ठरला, चर्चच्या हौदात. तेरा ऑक्टोबर. पत्रक मीच वाटलं. तिचं नाव छापलेलं. आईचं नाव आहे, बापाचं नाही.

२ ऑक्टोबर, बुधवार

डस्टिनचा फोन आला — आईला. मला नाही. जूनपासून थेंब घेतलेला नाही म्हणाला. “मी मागे उभा राहीन, मॉम. ती पाण्यातून वर आली की निघून जाईन. ती बघेलसुद्धा नाही.”

अर्लीन फोन ठेवून माझ्याकडे बघत राहिली. त्या पोरानं मला फोन का करावा? कपाटातल्या फोटोत त्याच्या खांद्यावर बोटं कुणाची आहेत, गाव जाणतं. दारावर कोण उभं असतं, तेही.

६ ऑक्टोबर, रविवार

गेलनला विचारलं. डस्टिनला एकाच दिवसासाठी आत सोडशील का. मी जामीन राहतो म्हणालो.

“डेलमार, तू देवमाणूस आहेस. म्हणून सांगतो, तो आला तर तू बाजूला हो. मी बघतो.”

‘बघतो’ म्हणताना हात पट्ट्यावर होता. त्याला कळलंही नसेल. गाडीत येऊन बसलो आणि रडलो. मग डोळे पुसून चर्चच्या जेवणाच्या भांड्यांची आवराआवर करायला आत गेलो, कारण आज पाळी माझी होती.

९ ऑक्टोबर, बुधवार

दिवसभर अंगावर होतं. कुंपणाचे खांब ठोकले, पाईपखाली झोपून गळती काढली. संध्याकाळी आंघोळीला पट्टा सोडला आणि ठण्णकन काही आदळलं तेव्हा आठवलं. ल्यूथर म्हणाला तसं जमलं एकदाचं. आनंद व्हायला हवा होता.

१२ ऑक्टोबर, शनिवार

ठरलं. उद्या पिस्तूल घरच्या कपाटातच राहील. नियम गेला खड्ड्यात. दारावर कोण कुणाची कंबर चाचपतो? डस्टिनला मी वाहनतळावरच गाठतो आणि मागच्या जिन्यानं वरच्या सज्जात नेतो. तिथून पाण्याचा हौद सरळ दिसतो. गेलन पुढच्या दारावर बसेल. बापानं लेकाला भेटायचं तर रिकाम्या कमरेनं भेटावं, एवढं तरी माझ्या हातात आहे.

अर्लीनला सांगितलं. तिनं माझ्या ताटात दोन बिस्किट-पाव जास्त वाढले, वर रस्सा ओतला आणि ईस्टरनंतर पहिल्यांदा माझ्या शेजारी बसून जेवली.

डस्टिनला फोन केला. “जिन्यापाशी ये. मी असेन.”

तो म्हणाला, “बरं, डॅडी.”

१३ ऑक्टोबर, रविवार

आला. पांढरा शर्ट, दाढी केलेली, हातात हेलीसाठी छोटं खोकं, वर निळी फीत. मी दोन्ही हातांनी मिठी मारली. त्यानंही मारली. मग त्याचा हात माझ्या उजव्या कमरेवर थांबला.

“मी दिलेलंच ना हे, डॅडी?”

खोकं जिन्यावर ठेवलं आणि गेला. हेली पाण्यात उतरलीही नव्हती.

सकाळी कधी घातलं, आठवत नाही. एकदाही टोचलं नाही.