दीपालीच्या जर्मन शब्दांचं ॲप

१२ जानेवारी, रविवार
आजपासून रोज लिहायचं. प्रोजेक्टला नोंद लागते.
माझ्या बायकोची, दीपालीची, जर्मनची परीक्षा २६ एप्रिलला, पुण्यात. पास झाली की जर्मनीतल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी. शब्द पाठ करायला ती आणि तिच्यासोबतची नर्स अलफिया औषधांची खोकी कापून चिठ्ठ्या करतात. एका बाजूला जर्मन, दुसऱ्या बाजूला मराठी. दोन हजार पंचवीस सालात!
मी नेटवर शब्दांची क्विझ घेणाऱ्या ॲपचा सोर्स कोड शोधला. फुकट. कोड एकच, विंडोज, लिनक्स, फोन, सगळीकडे चालतो. आपण फक्त बिल्ड करायचा, म्हणजे कोडमधून चालतं ॲप बनवायचं. मिरजोळ्याच्या काजू फॅक्टरीत मी सिस्टीम इन-चार्ज आहे, हे घरात कोणाच्या लक्षात नसतं. प्रिंटरमधला अडकलेला कागद काढता ना, असं दीपाली म्हणते.
अलफियाच्या फोनवर असलं तयार ॲप आहे म्हणे. असू दे. तयार कपडे कुठे ना कुठे आखूड होतातच.
मुदत: पंधरा दिवस.

१९ जानेवारी
सूचनांची फाइल अर्धी वाचली. उरलेलं अंदाजाने कळतं.

२ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ११
एरर सत्तेचाळीस. पहिली सांगते, कोडला लागणारी एक लायब्ररी, म्हणजे जोडीचा तयार कोड, नाही. आणली.
एरर एकशे बारा. म्हणजे कोड आता आत खोलवर पोचतोय.
दीपालीने विचारलं, झाला काय? म्हटलं, पाया झाला.

१४ फेब्रुवारी
लायब्ररी नवी, कोड जुना. जुनी लायब्ररी टाकली तर लॅपटॉपचा आवाज गेला. क्विझला आवाज लागत नाही.
दीपाली म्हणाली, तिकडे नवऱ्याला नंतर नेता येतं, पण थोडी भाषा यायला हवी. संध्याकाळी तासभर आमच्यासोबत बसा ना. तुम्ही बसलात तर मलाही बरं वाटेल.
म्हटलं, बिल्ड करता करता माझी भाषा होईलच. डेर, डी, दास ही नामाआधीची उपपदं तर आत्ताच येतात.
ती भात लावायला उठली.

९ मार्च, रविवार
खिडकी उघडली!!! लॅपटॉपवर ॲप सुरू!
अक्षरांच्या जागी चौकोन येतात. प्रश्न: तीन चौकोन. उत्तरांचे चार पर्याय, तेही चौकोन. दीपालीला बसवलं. तिने दुसरा पर्याय दाबला. हिरवा दिवा. म्हटलं, बघ, बरोबर आलं. ती म्हणाली, काय बरोबर आलं? अलफिया पदर तोंडाला लावून हसत होती. ड्युटीला उशीर होतोय म्हणून दोघी गेल्या.
ॲप तयार करणाऱ्याला घरात कधीच मान नसतो.

२३ मार्च, रविवार, दुपारी
फोनची आवृत्ती. माझा फोन जुना, म्हणून दीपालीचा घेतला. ती ड्युटीवरून येऊन झोपली होती. जागा कमी पडत होती. एकसष्ट ऑडिओ फाइली होत्या, नावं नाहीत, नुसते आकडे. कचरा असणार. उडवल्या.
ॲप तरीही इन्स्टॉल झालं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
त्या फाइली म्हणजे ऑक्टोबरपासूनच्या क्लासची रेकॉर्डिंग. बाईंचे उच्चार, तोंडी परीक्षेचा सराव, सगळं. परत येत नाहीत. तीन तास प्रयत्न केला.
ती रडली नाही. ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, मुद्दाम केलंत?
काय बोलणं हे! मी जानेवारीपासून कोणासाठी राबतोय?
मुद्दाम नाही केलं. इथे खोटं लिहायचं कारण नाही. तिने जावं असंच मला वाटतं. एवढंच की घाई कशाला, पुढची परीक्षाही असतेच.
नाही केलं मुद्दाम.

२४ मार्च
दीपाली अलफियाच्या क्वार्टरवर राहायला गेली. कपडे न्यायला अलफिया आली. भावजी, पेपर होईपर्यंत ती माझ्याकडेच राहील, माझ्याकडे रेकॉर्डिंग आहेत. नाटे गावची मुलगी, एरवी फार बोलकी. आज चहासुद्धा घेतला नाही.
एकांतात काम वेगाने होतं. एरर: एकतीस.

२६ एप्रिल
आज परीक्षा. मेसेज केला, ऑल द बेस्ट, आणि एररचा ताजा आकडा. दोन निळ्या खुणा, म्हणजे वाचला.

२१ मे
दीपाली पास! अलफियासुद्धा!
ऑफिसात पेढे वाटले. साहेबांना सांगितलं, घरीच सॉफ्टवेअर डेव्हलप केलं होतं. दाखवा म्हणाले. टेस्टिंगमध्ये आहे म्हटलं. खोटं काय त्यात?

१७ ऑगस्ट, रविवार
गेली. परीक्षेनंतर घरी परतली होती, नीट बोलत होती, स्वयंपाक करत होती. विमानतळावर यायची गरज नाही म्हणाली, अलफियाचा भाऊ गाडी नेतोय. बॅग भरताना मी विचारलं, माझा तिकडे यायचा फॉर्म? म्हणाली, तुमची भाषा झाली की बघू.
गाडी साळवी स्टॉपला वळेपर्यंत रस्त्यावर उभा होतो. नंतर बिल्ड लावला.

१२ ऑक्टोबर, रविवार, सकाळी ७.४०
बिल्ड सक्सेसफुल. एरर शून्य. फोनवर चालतं, लॅपटॉपवर चालतं. मराठी मराठीसारखी दिसते, जर्मनच्या डोक्यावरची टिंबंसुद्धा जागच्या जागी. नऊ महिने! कोण म्हणतं जमत नाही?
दीपालीला पाठवलं. एक खास सोयही चालू केली: घरातले सगळे एकाच खात्यावर, कोणाच्याही फोनवर सोडवा, मार्क सगळीकडे दिसतात.

दुपारी १
पहिली क्विझ मीच सोडवली. वीस प्रश्न, रोजच्या वापरातले शब्द. तीन आले. त्यातला एक अंदाजाने.

दुपारी ४
दीपालीचा फोन. ॲप उघडलंय म्हणाली, छान झालंय. मी सांगितलं, अभ्यासाला लागलोय, आजच एक क्विझ सोडवली. किती आले, तिने विचारलं. चौदा म्हटलं.
तिकडे स्क्रीनवर टकटक ऐकू आली.
मग म्हणाली, अहो, माझ्या स्क्रीनवर तीन दिसतात.
म्हटलं, सर्व्हरमध्ये काहीतरी गडबड असेल.
असेल, म्हणाली. तिला ड्युटीवर जायचं होतं.