भिंत तिरकी येतेय

४ मार्च

आला! खोक्यात खोकं, त्यात जुनी चादर, चादरीत तो. घडीचा कॅमेरा. कळ दाबली की कातडी भाता पुढे येतो आणि लेन्स नाक बाहेर काढून बघते. चामड्याला कपाटातला वास. पितळेवर एकही ओरखडा नाही. मी वेडी झालेय!

नवरा म्हणाला, "आणखी एक सवत आणलीस माझ्यासाठी."

म्हटलं, सवत नको म्हणू, आत्याबाई म्हण. तुझ्या आजोबांच्या वेळच्या आहेत.

तेव्हा हिचं नाव आत्याबाई.

५ मार्च

सुट्टी घेतली. हॉस्पिटलात सांगितलं पोट दुखतंय. (एक्स-रे काढते म्हणाली डॉक्टरीण. माझाच एक्स-रे, माझ्याच मशीनवर! नको म्हटलं.)

आत्याबाईंची परीक्षा घेतली. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कॅमेऱ्याला पहिल्या दिवशी समोरच्या इमारतीच्या भिंतीपुढे उभं राहावं लागतं. विटांची भिंत लेन्सचं सगळं पितळ उघडं पाडते — कोपरे मऊ पडतात का, रेघा वाकतात का. चौकट विटांनी काठोकाठ भरते. आभाळ नाही, रस्ता नाही. मधोमध फक्त धाकटीच्या स्वयंपाकघराची खिडकी. सख्खी बहीण समोर राहते त्याचा हा एक फायदा, रोल धुतला की त्या दिवशी तिने कुठला टॉवेल वाळत घातला होता तेही कळतं.

ट्रायपॉड तोच. बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलेला, लाकडी, माझ्याएवढा उंच. गॅलरीच्या फरशीत पितळी वाट्या ठोकून त्यांत त्याचे पाय बसवलेत. दोन वर्षांपूर्वी डोक्यावरचा, पातळी दाखवणारा बुडबुडा मधोमध आणला, चाव्या आवळल्या, धूळ जाऊ नये म्हणून बुडबुड्यावर रोलच्या डबीचं झाकण चिकटवून टाकलं. तेव्हापासून त्याला हात लावायची कोणाची टाप नाही. नवऱ्याने एकदा त्याच्यावर ओला शर्ट टाकला होता, मी दोन दिवस बोलले नव्हते.

६ मार्च

रोल धुतला. न्हाणीघर अडवलं म्हणून नवऱ्याची कुरकुर. फिल्म हाताने धुण्यात माझी नोकरीची पहिली दहा वर्षं गेली, आता तिकडे सगळं कॉम्प्युटरवर. हॉस्पिटलने भंगारात काढलेली उजेडाची पेटी मीच उचलून आणली, तिच्यावर निगेटिव्ह ठेवली.

कोपऱ्यापर्यंत धार! एकेक वीट मोजून घ्या.

पण भिंत तिरकी. विटांच्या रांगा चौकटीच्या कडेला समांतर नाहीत. थोडंसंच, पण मला दिसतं ना!

७ मार्च

फसवलं मेल्याने. विकणाऱ्याला फोन केला. "बाई, माझ्या वडिलांनी त्या कॅमेऱ्यावर जन्मात एक फोटो वाकडा काढला नाही." म्हटलं, वडील सरळच असतील तुमचे, पण मधे कोणीतरी आपटलाय. फोन ठेवून दिला त्याने.

कॅमेऱ्यांच्या कपाटाचं काचेचं दार आपोआप उघडतंय. बिजागरी ढिली झाली असणार. नवऱ्याला सांगून आठवडा झाला.

१० मार्च

घड्याळवाल्याकडे गेले. जुने शटर उघडणारा तोच एक उरलाय. त्याने आत्याबाईंची पाठ उघडली, पट्टी लावली, गुण्या लावला. काटकोन म्हणजे काटकोन.

"कणा ताठ आहे हिचा. दोष दुसरीकडे शोधा."

तापले मी. म्हटलं, दुसरीकडे म्हणजे कुठे? माझ्या डोळ्यांत? तो भिंग पुसत बसला.

१२ मार्च

आज ढब्बूला ट्रायपॉडवर चढवलं. ढब्बू माझा पहिला कॅमेरा, वजनाला वरवंटा, वीस वर्षांत त्याने कधी दगा दिलेला नाही.

ढब्बूचीही भिंत तिरकी.

मग गेल्या वर्षीची ढब्बूचीच निगेटिव्ह शोधून काढली. उजेडाच्या पेटीवर दोन्ही, कडेला कड लावून, एकीवर एक ठेवल्या. डावीकडच्या विटा जुळवल्या की उजवीकडच्या सुटतात. उजवीकडच्या धरल्या की डावीकडच्या जातात. खिडकीच्या जागी दोन खिडक्या दिसतात, एकमेकींना खांद्याने ढकलणाऱ्या.

कॅमेरा तोच, लेन्स तीच, ट्रायपॉड जागचा हललेला नाही.

मग हललं काय?

चहा गार झाला तरी तशीच बसून होते.

१३ मार्च

गल्लीच्या तोंडाशी, आमच्या कुंपणाला लागून तो खड्डा खणतायत ना, गाड्या ठेवायला तळघर की काय ते. दोन महिने यंत्रं घुमतायत. आमची इमारत आठ वर्षांची, पिलरवर उभी, तिला काय होणार! पण धाकटीची? नुसत्या विटा आणि चुना. बाबांच्या वयाची इमारत.

नवऱ्याला दोन्ही निगेटिव्ह दाखवल्या. चष्मा वर करून, खाली करून बघितलं. "मला तर दोन्ही काळ्याच दिसतात," म्हणाला. मग माझा चेहरा बघून दोन्ही जपून पाकिटात घालून दिल्या.

१४ मार्च

धाकटीकडे गेले. तिचा नवरा घरात होता. "ताई, तुमच्या कॅमेऱ्यालाच चष्मा लावा." हसला. आतल्या खोलीतून त्याच्या आईचा आवाज, त्या दोन वर्षं अंथरुणावर आहेत पण कान शाबूत — "भिंत पडायची असेल तर मला विचारून पडेल!"

धाकटी हसली नाही. जिन्यापर्यंत सोडायला आली. "खरंच का गं, ताई?"

म्हटलं, डोळ्यांनी बघितलंय.

आई गेली तेव्हा ही सहा वर्षांची होती. शाळेत जायच्या आधी हिची वेणी मी घालायची. अजून काही विचारायचं असलं की तशीच मान वाकडी करून बघते. माझा जीव आहे तिच्यात, तिला ते माहीत आहे, म्हणून तिच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलेलं नाही.

१६ मार्च

पुन्हा फोटो. पुन्हा धुतला. आणखी तिरकी.

१७ मार्च

पालिकेच्या कचेरीत तीन टेबलं हिंडले. तिसऱ्यावरचा म्हणाला, "फोटोवर आम्ही तक्रार घेत नाही. हल्ली फोटोत काहीही दाखवता येतं."

असला संताप आला! म्हटलं, साहेब, ही निगेटिव्ह आहे, हिला खोटं बोलता येत नाही. आजूबाजूचे माना वळवून बघायला लागले. मी हललेच नाही. शेवटी अर्ज घेतला. इंजिनीअर पाठवतो म्हणाला. कधी? पाठवतो.

घरी आले तर लिफ्ट पुन्हा अडकलेली, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे. महिनाभर हेच चाललंय. दुरुस्तीवाला येतो, तेल घालतो, जातो. जिन्याने धापा टाकत वर.

१९ मार्च

झोप नाही, जेवण घशाखाली उतरत नाही. कामावर एका पेशंटच्या उजव्या हाताऐवजी डाव्याचा एक्स-रे काढला. गॅलरीत उभी राहिले की ती खिडकीत भांडी घासताना दिसते, आणि मला वाटतं आत्ता, आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत.

फोन केला. रडलेच. म्हटलं, इंजिनीअर येईपर्यंत तरी इकडे ये. सगळे या.

म्हणाली, "येते. तू सांगतेस म्हणून."

२० मार्च

आले! सगळे आले!

नवरा आणि मेहुणे यांनी म्हातारबाईंना खुर्चीत बसवून तीन मजले चढवलं. लिफ्ट बंदच. प्रत्येक वळणावर त्या ओरडत होत्या, "हळू रे, मी पिंप नाही!" मेहुणे घामाघूम, माझ्याकडे बघायलाही तयार नाहीत. नको बघू दे. आत्याबाई, ढब्बू, सगळी फौज पलंगाखाली ढकलली आणि माझी खोली त्यांना दिली.

संध्याकाळी गॅलरीतून समोर बघितलं. धाकटीच्या खिडकीत अंधार. किती दिवसांनी पोटभर जेवले.

२१ मार्च

एका घरात दोन संसार म्हणजे न्हाणीघरासाठी रांग. म्हातारबाईंची नवी तक्रार, "तुझ्या पलंगावर माझी उशी सरकते. सारखी भिंतीकडे सरकते. डोकं जड होतं." उशीचा अभ्रा बदलला. तरी तेच. धाकटी माझ्याकडे बघून डोळे मिचकावते. मेहुणे म्हणाले, "आईला तिचं घर हवंय, दुसरं काही नाही."

मनात म्हटलं, कुरकुर करा हवी तेवढी. जिवंत आहात.

२३ मार्च

इंजिनीअर आला. आधी त्याला घरी बोलावून निगेटिव्ह दाखवल्या. नम्रपणे बघितल्या त्याने. मग समोर गेला. आम्ही सगळे मागून. मेहुणेही.

त्याचंही यंत्र तीन पायांवरच. भिंतीपुढे उभं केलं आणि लागला त्याचा बुडबुडा जुळवायला. हा स्क्रू पिळ, तो स्क्रू पिळ. भिंतीकडे बघायचं नावच नाही! जागा बदलली की पुन्हा पहिल्यापासून. म्हटलं, सकाळी निघतानाच लावून का नाही आणत? "नाही बाई, दर वेळी नव्याने लावावं लागतं. मघाशी लावलेलं आत्ता चालत नाही."

मी मनात म्हटलं, मग तुझा स्टँडच भिकार आहे.

चारही बाजूंनी मोजलं. ओळंबाही सोडून दाखवला, गच्चीपासून खालपर्यंत. दोरी भिंतीला धरून सरळ.

"सत्तर वर्षांत केसभर हललेली नाही. असं बांधकाम हल्ली बघायला मिळत नाही."

मेहुणे वळून चालायला लागले. बोलले असते तर बरं झालं असतं. नवऱ्याने माझा हात धरला, मी सोडवून घेतला. धाकटी एवढंच म्हणाली, "जाऊ दे गं ताई. काळजीनेच केलंस ना." पण मान सरळ होती तिची. माझ्याकडे बघितलं नाही.

उद्या दुपारी परत जातायत. खुर्ची उतरवायला नवऱ्याने माणूस सांगितलाय.

लाजेने मेले मी आज. दोन कॅमेरे, इतके फोटो, आणि सगळे खोटे कसे? सगळं विकून टाकणार. आत्याबाई, ढब्बू, सगळं. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तो ट्रायपॉड उखडणार.

२४ मार्च, सकाळ

ट्रायपॉडचे पाय वाट्यांतून काढण्याआधी डोक्यावरचं झाकण सोलून काढलं.

बुडबुडा मधे नाही. कडेला जाऊन चिकटलाय, खड्ड्याच्या उलट बाजूला.

चाव्या घट्ट आहेत. पाय वाट्यांत आहेत. वाट्या फरशीत आहेत. आणि फरशी आमच्या इमारतीत.

कपाटाचं दार. लिफ्ट. म्हातारबाईंची उशी.

धाकटी आत झोपलीय. मी सांगितलं म्हणून आलीय.

सगळ्यांना उठवते. आधी म्हातारबाईंची खुर्ची.