ब्लीच आणि आबांचं नाक

आबा,

नर्सिंग होमच्या चादरींचा तो पहिला गठ्ठा आपल्याला खरं म्हणजे केवढ्याला पडला, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. धुलाई ठरल्याप्रमाणे मिळाली, ती सोडा. आईची जांभळी साडी गुडघ्यापासून खाली पांढरी पडली, मोरीचं दार चौकटीसकट गेलं, आणि तुमचा आवाज बसला तो बसलाच. पुढे भजनाला तुम्ही नुसते टाळ वाजवायला बसायचात.

संपानंतर मिल सुटली, तुम्ही घरी बसलात, आणि मी जोगेश्वरीला आपल्याच तळमजल्याच्या खोलीत लॉण्ड्री काढली. पुढे इस्त्रीचं टेबल, मागे मोरी. तुमचं सगळं आयुष्य ब्लीचिंग खात्यात गेलेलं, तिथला क्रम तुम्हाला झोपेतही पाठ. कापड ब्लीचच्या पाण्यातून काढायचं, भरपूर धुवायचं, मग पातळ ॲसिडमधून काढायचं म्हणजे पिवळेपणा जातो, मग पुन्हा धुवायचं. मधल्या धुण्यात ब्लीच पुरतं गेलं की नाही, हे तुम्ही नुसतं हुंगून सांगायचात. "साहेब तपासणीचो कागद बघी आणि मगे माकाच इचारी," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. गिऱ्हाइकांना मीही तेच ऐकवायचो. मशीन नसेना का, म्हणायचो, आमच्याकडे मिलमधलं नाक आहे.

त्या सकाळी चादरी ब्लीचमधून निघाल्यात आणि नळ जातो. मिलमध्ये पाणी कधी जात नसे, आणि छप्पर दोन मजले उंच होतं. इथे मोरीत तुम्ही, दोन टपं आणि ॲसिडची बाटली, एवढंच मावतं. चादरी जेमतेम एकदा खंगाळून झाल्या आहेत. मी टेबलाजवळून विचारतो, "आबा, पाणी येईस्तोवर थांबूया का?" तुम्ही म्हणता, "माका शिकवतंस?" गठ्ठा संध्याकाळी द्यायचा आहे, पहिलंच काम आहे, हे दोघांनाही ठाऊक. तुम्ही एक चादर नाकाशी धरता आणि माझ्या तोंडाकडे बघता. चांगलं निरखून बघता. मी इस्त्रीत कोळसे फुंकतोय, माझ्या नाकात धुराशिवाय काही नाही, म्हणून माझ्या कपाळावर आठीही नाही. "वास गेलो," तुम्ही म्हणता. बाहेरच्या रंगीत कपड्यांवर शिंतोडे नकोत म्हणून दार लावून घेता.

माझे कान तिखट, हे तुम्हीच म्हणायचात. ओली चादर टपात पडल्याचा जड आवाज आला. मग दुसरीचा. मग एक खोकला, कोरडा, गळ्यातच अडकलेला. तांब्या फरशीवर गरगरत गेला आणि थांबला. मी तुमच्या शिवीची वाट बघत राहिलो. तांब्या पडला आणि तुम्ही त्याचा उद्धार केला नाही, असं आपल्या घरात कधी झालं नव्हतं. हाक मारत दाराशी धावलो. कडी आतून. मी खांदा मारला, दोनदा, तीनदा, आणि दार चौकटीसकट उखडलं. डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं. टपावर काहीतरी पिवळट तरंगत होतं. तेवढ्यात मला बाजूला ढकलून आई आत शिरली. "श्वास घेऊ नको! पाय धर त्यांचे!" ब्लीचचं टप तिच्या साडीवर उलटलं, पण तिने तुमचा बनियन सोडला नाही. आम्ही तुम्हाला ओढत अंगणात आणलं. तुमचे ओठ निळे पडले होते आणि छातीतून शिट्टी वाजत होती. ती शिट्टी रिक्षात थांबली असती तर, याच्या पुढचं मी अजून मनात पुरं करत नाही.

नर्सिंग होममध्येच नेलं. तुम्हाला मेणकापडावर निजवलं, कारण त्यांच्या चादरी आपल्या मोरीत पडलेल्या. ऑक्सिजन लावून डॉक्टर म्हणाले, "ब्लीच आणि ॲसिड एकत्र? अहो, विषारी वायू होतो त्याचा. चादरीला ब्लीचचा वास नाही आला तुम्हाला?" तुम्ही डोळे मिटून घेतलेत.

बाहेरच्या बाकावर आई पदर पिळत होती. "त्यांना वास येत नाही रे," ती म्हणाली. "मिलमध्ये असतानाच गेला. बोंबील करपला की माझ्या तोंडाकडे बघतात. मी नाक मुरडलं की म्हणतात, करपलो."

"आणि मिलमध्ये कसं चालायचं?"

"तिथेही बघत असतील कुणाच्या तरी तोंडाकडे. हे बघ, आपल्याला ठाऊक आहे हे त्यांना कळता कामा नये. नोकरी गेली. एवढं तरी राहू दे त्यांच्याकडे."

मी शब्द दिला आणि त्याच दिवशी ॲसिडची बाटली दुकानातून कायमची बाहेर काढली. ब्लीच फक्त पांढऱ्या सुती कपड्याला, थंड पाण्यात, मापाने, दार सताड उघडं ठेवून; त्या टपात दुसरं काही पडता कामा नये. बाकीच्या पांढऱ्याला धुण्याचा सोडा आणि गच्चीवरचं ऊन. धुतल्यावर उरलेलं ब्लीच मारायला शेजारच्या फोटो स्टुडिओतून हायपो, म्हणजे फोटो धुवायची पूड, आणायला लागलो. "चादरी धुतोस की फोटो, यार?" स्टुडिओवाला हसायचा. तुम्हाला मात्र हायपो हा पोरखेळ वाटायचा. छाती सुधारली तसे तुम्ही दारात स्टूल टाकून बसलात आणि हात पुढे केलात: आण चादर. नाही म्हटलं तर तुमच्याकडे काय उरणार, आणि हो म्हटलं तर ब्लीच राहिलेली चादर कुणा आजाऱ्याच्या अंगाखाली जाणार. तुम्ही हुंगायचात, माझ्या तोंडाकडे बघायचात. मी खूण करतोय असं तुम्हाला वाटू नये म्हणून चेहरा दगडासारखा ठेवायला शिकलो. "वास गेलो. हायपो नको. सुकत घाल." मी म्हणायचो, "हो आबा."

पुढे आणखी दोन नर्सिंग होमं आली, मग हॉटेलं, मशीनं. येणाऱ्याजाणाऱ्याला तुम्ही घोगऱ्या आवाजात सांगायचात, "ह्या दुकानातली एक चादर परत नाय इली. सगळी माझ्या नाकाखालसून जाता." खरंच, एकही परत आली नाही.

आई होती तोवर हे लिहिता येत नव्हतं. आता तुमच्यामागे तीही नाही, आणि हे पत्र पोस्टात टाकायचं तरी कुठल्या पत्त्यावर, म्हणून ते टेबलावरच राहील. तुम्ही चहाला उठलात की मी गच्चीवर जायचो आणि तुम्ही पास केलेल्या चादरी दोरीवरून काढून हायपोच्या पाण्यात बुडवायचो. रोज, सगळ्याच्या सगळ्या.