एडमंटनच्या मैदानावरचा बर्फ

बाबा,

तुम्हाला नि आईला रॉरीचा नमस्कार. मी मजेत आहे. बोटं शेकायला आत आलोय, तेवढ्यात लिहितो.

आजचा फुटबॉलचा सामना बर्फामुळे रद्द झाला तर मालक क्लबला टाळं लावणार, तुमच्या वेळी लागलं होतं तसं. पंच म्हणाले, "दुपारपर्यंत मैदानाच्या रेघा दिसल्या पाहिजेत." प्रेक्षक नेहमीसारखे घरून फावडी घेऊन आलेत, पण यंदा मोजकेच. बर्फ थांबत नाही.

आईचा खोकला कसाय?

तुमच्या संघातले पेट्रोकाका खेकसले, "गोलकीपर ना तू? मग गोल उकर!" त्यांनी दिलेल्या फावड्यावर तुमचं नाव आहे. म्हणाले, "टाळं लागलं त्या दिवशी सगळे घरी गेले. तुझा बाप अंधारापर्यंत उकरत होता."

हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

पंच रेघा बघायला निघालेत. जातो, माझी रेघ अजून दिसत नाहीये.

तुमचाच,
रॉरी