मनगटातली सुई

३ फेब्रुवारी १९३४
आज सोलापुरात आलो आणि गिरणीच्या हापिसात कारकून म्हणून रुजूही झालो. खोली झकास मिळाली. घरमालकीण सुंदरम्मा तेलुगू विणकरीण. माग तिचा ओसरीवर, बडबड मात्र घरभर. एकच दुखणं बरोबर आलंय, लिहिताना उजव्या हाताची बोटं आखडतात. हेडक्लार्क आबासाहेब म्हणाले, महिनाभर अक्षर पाहू, मग कायम करू. हात सुधारला नाही तर पुन्हा सातारा.

७ फेब्रुवारी
बोटांसाठी सुंदरम्माने शेजारच्या गल्लीतल्या सोमलिंगकडे धाडलं. रंगूनला एका चिनी वैद्याकडून तो सुया टोचायला शिकलाय. काय काय होईल ते त्याने आधीच सांगितलं. मुंगी चावल्यागत वाटेल, मग हात जड होईल, मग झोप येईल. अगदी तसंच झालं बुवा! जरासुद्धा दुखलं नाही. बोटं मोकळी झाली.

८ फेब्रुवारी
गाढव लेकाचा! मनगटात एक सुई विसरला. अर्धी आत आहे, ओढली तर हलेना. त्याच्या दाराला कुलूप. शेजारी म्हणतात अक्कलकोटला गेलाय, येईल. कधी? तर म्हणे येईल.

९ फेब्रुवारी
गिरणीच्या डॉक्टरने मलम दिलं. सूज उतरली की सुई आपोआप सुटेल म्हणे. कपाळ माझं! ती आणखी आत गेलीय. सुंदरम्माने नेढ्यात सूत ओवून विणकरांची घट्ट गाठ मारली, दुसरं टोक मागाच्या सूत गुंडाळायच्या कांडीवर गुंडाळलं. आता हरवायची नाही म्हणाली.

११ फेब्रुवारी
सुई दिसत नाही. सूत आत जातंय. सोमलिंगच्या दाराला कुलूप अजून तसंच, नुसता संताप संताप होतोय. कात्री मागितली तर सुंदरम्मा देईना. चालू सूत मधेच कापणं तिच्या घरात अशुभ. अक्षर मात्र सुरेख येतंय. आबासाहेब खूश.

१२ फेब्रुवारी
सोमलिंग आला. त्याला चांगलाच फैलावर घेतला. त्याने मनगट पाहिलं आणि मागे सरला.
"माझ्या सुयांना नेढं नसतंच की. ही माझी न्हाय."
सूत कापा म्हणाला आणि चपला न घालताच गेला.

१३ फेब्रुवारी
सुई कोपरापर्यंत — आता खांदा. कांडी आपोआप फिरते —

संध्याकाळी
बाजारातून कात्री आणली. डाव्या हाताने लिहितोय, उजवा ऐकत नाही. सूत तोच आत सारतोय, घाईघाईने. छातीत टोचतं. कापायला हवं — आत्ता —
कात्री उजव्यानेच उचलली. सूत सोडून माझ्या डाव्या —